उंची नको, दम हवा: वरूडच्या एका जुन्या जिप्सीची तयारी

गाडी २००८ च्या नोंदणीची मारुती जिप्सी किंग, पेट्रोल, हार्ड टॉप. मालक वरूड तालुक्यातले निवृत्त शिक्षक. घरची संत्र्याची बाग आता मुलगा पाहतो, त्यामुळे गुरुजींना आणि काकूंना वेळ आहे आणि विदर्भ आतून पाहायची मनापासून हौस आहे. गाविलगड, नरनाळा, मेळघाटातली गावं, लोणार, मार्कंडा, आणि तब्येतीने साथ दिली तर थेट भामरागड. जिथे रस्ता संपतो आणि पांधण सुरू होते तिथून पुढे जाता यावं, रात्र कुठेही पडली तरी गाडीने दगा देऊ नये, एवढी त्यांची अपेक्षा होती.

जुन्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या) गाड्या तपासायच्या, काय करायचं आणि काय टाळायचं ते मालकासोबत बसून ठरवायचं आणि मिस्त्रींकडून काम करून घ्यायचं, असं माझं या प्रकरणातलं काम होतं. गुरुजी आले तेव्हा त्यांच्याजवळ पुण्याच्या पुतण्याने पाठवलेली यादी होती. तीन इंची लिफ्ट (गाडी तेवढी उंच करणारं किट), ३१ इंची टायर, पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (फसलेली गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र), स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी), टपावर रॅक, रॅकवर तंबू, दुसरी बॅटरी, फ्रिज, समोर एलईडीची लांब पट्टी. यादी प्रेमाने केलेली होती आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे उपयोगाची आहे. प्रश्न एवढाच होता की या गाडीला, या दोघांना आणि या मुलखाला तिच्यातलं काय लागतं.

मिस्त्रींनी यादी ऐकून घेतली आणि गाडीखाली शिरता शिरता म्हणाले, "उचलाचं मंग पाहू गुरुजी. आधी इचे हाडं तं पाहू द्या."

वजनाचा हिशेब

मी सुरुवात कागदापासून केली. जिप्सीचं खरं बळ तिच्या हलकेपणात आहे. सॉफ्ट टॉपचं मोकळं वजन हजार किलोच्या आत, हार्ड टॉपचं थोडं वर. त्यावर वाहून नेण्याची क्षमता साधारण ५०० किलो. इंजिन १२९८ सीसी, ८० अश्वशक्तीचं, टॉर्क १०३-१०४ न्यूटन मीटरच्या आसपास आणि तोही साडेचार हजार फेऱ्यांवर. म्हणजे डिझेल गाडीसारखी खालच्या फेऱ्यांत ओढ नाही. ही गाडी चढते ती हलकी आहे म्हणून. तिच्यावर ओझं चढवलं की तिचा एकमेव मोठा गुणच आपण काढून घेतो.

पुतण्याच्या यादीचं आणि तिच्यासोबत येणाऱ्या सामानाचं वजन आम्ही गुरुजींच्या समोर मांडलं. बंपर आणि विंच मिळून ७० किलो, रॅक ३५, तंबू ५५, दुसरी स्टेपनी २० च्या वर, पेट्रोलचे दोन भरलेले कॅन ४० च्या जवळ, बॅटरी आणि फ्रिज मिळून ४५. अंदाजाचे आकडे आहेत, पण अडीचशे किलो सहज पार होतात. गुरुजी आणि काकू अजून गाडीत बसायचे आहेत, पाणी भरायचं आहे, हत्यारं ठेवायची आहेत. नातू सोबत आला की क्षमता संपलीच. शिवाय त्यातलं ९० किलो टपावर. जिप्सीची रुंदी १५४० मिलिमीटर, अंग अरुंद आणि उभं. सातपुड्याच्या आडव्या उतारावर, एक चाक नालीत असताना, टपावरचं ९० किलो वजन गाडीला कोणत्या बाजूला खेचेल हे गुरुजींना वेगळं सांगावं लागलं नाही.

टपावरचा तंबू आणखी एका कारणाने गळला. मेळघाट १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे. तिथे मन मानेल तिथे मुक्काम करता येत नाही आणि करूही नये. सेमाडोह, कोलकासला वनविभागाची निवासस्थानं आहेत, चिखलदऱ्याला सोय आहे. जंगलाबाहेरच्या गावात राहायचं तर शाळेचा व्हरांडा किंवा कुणाचं तरी अंगण मिळतं, आणि गुरुजींसारख्या माणसाला ते आनंदाने मिळतं. त्यासाठी जमिनीवर लावायचा साधा तंबू आणि सतरंजी पुरते.

तपासणीत काय निघालं

गाडी आधी एका ठेकेदाराकडे होती. सिमेंटच्या गोण्या, सळया, मजूर, सगळं तिच्यातून गेलेलं. बाहेरून रंग नवा होता. खालून वेगळीच गोष्ट दिसली.

मागच्या कमानींमध्ये, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगांमध्ये, प्रत्येकी एक पाटा जास्तीचा टाकलेला होता, ओझ्यासाठी. त्यामुळे मागचा भाग काठीसारखा ताठ. शॅकलचे (कमान चासीला टांगणाऱ्या कड्यांचे) बुश संपून लोखंडावर लोखंड घासत होतं. पुढच्या दोन्ही चाकांच्या नकलवर (ॲक्सलच्या टोकाला चाक जिथे वळतं त्या सांध्यावर) तेल-ग्रीसचा ओघळ होता, सील गेलेले. किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या) बेअरिंगमध्ये ढिलाई होती. रिकाम्या रस्त्यावर ६० च्या आसपास स्टेअरिंग थरथरत असे ते त्यामुळेच. प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) एका क्रॉसला, म्हणजे सांध्याला, खेळ होता. मागच्या ब्रेकच्या एका सिलिंडरमधून पाझर होता. ब्रेक ऑइल काळं पडलेलं. या ऑइलला हवेतली ओल शोषायची सवय असते. जुनं झालं की लांब उतारावर ब्रेक तापतात, आतल्या ओलीची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी भीती नाही.

फोर बाय फोर लागत होतं, पण लो मध्ये (हळू चालीच्या, जास्त ओढीच्या गिअरमध्ये) टाकताना लिव्हरवर जोर द्यावा लागे. ठेकेदाराला त्याची गरजच पडली नसावी. ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचं) तेल बदललं, लिंकेज साफ करून ग्रीस केलं आणि पटांगणात महिन्यातून एकदा तरी लो लावून गाडी चालवायची असं ठरलं. न वापरलेलं फोर बाय फोर गरजेच्या क्षणी लागत नाही, हे मी फार गाड्यांमध्ये पाहिलं आहे.

तपासणीनंतर मी गुरुजींना स्पष्ट सांगितलं की पैशाचे तीन वाटे करा आणि त्यातले दोन दुरुस्तीला काढून ठेवा. नवीन असं काही दिसणार नाही, कुणाला दाखवता येणार नाही. गुरुजी थोडे हिरमुसले. काकू नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळाच होता: "आताच चढताना माहे गुडघे दुखते. अजून उंच केली तं मले कोण उचलून बसवन?" माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा मुद्दा हाच होता, कारण त्याने लिफ्टची चर्चा मुळापासून सुरू झाली.

लिफ्ट का नाही

जिप्सीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे. लिफ्ट किट घातलं की चासी आणि बॉडी वर जाते. ॲक्सल जिथे होता तिथेच राहतो, आणि त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळाही. आपल्याकडच्या पांधणीत घासतो तो हाच गोळा. बंडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात, मध्ये उंचवटा उरतो, वाळला की तो विटेसारखा कडक होतो. तीन इंच लिफ्ट केलेली जिप्सी त्या उंचवट्यावर साध्या जिप्सीइतकीच अडकेल. वर शाफ्टचे कोन वाढतील, क्रॉस लवकर जातील, स्टेअरिंगची थरथर परत येईल, आणि काकूंना स्टूल लागेल.

गोळा वर न्यायचा असेल तर चाकच मोठं करावं लागतं, आणि त्याची किंमत गिअरमध्ये मोजावी लागते. जिप्सीचं मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास ६६८ मिलिमीटर. यादीतलं ३१ इंची टायर ७८७ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १८ टक्के मोठं. ट्रान्स्फर केसमधलं गिअरचं प्रमाण लोला २.२६८ आणि हायला १.४०९, मुळातच हा लो फार खोल नाही. चाक १८ टक्के मोठं केलं की तो २.२६८ चा लो चाकापाशी १.९२ इतकाच उरतो. खालच्या फेऱ्यांत आधीच ओढ नसलेल्या इंजिनाला दगडी चढावर क्लच जाळल्याशिवाय गाडी हलवता येणार नाही. गिअरही बदलतात काही लोक. तो खर्च गुरुजींच्या एकूण रकमेच्या पलीकडे होता, आणि गरजेच्याही.

आम्ही २१५/७५ आर १५ वर थांबलो. व्यास ७०३ मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे गोळ्याखाली साधारण १८ मिलिमीटर जास्त जागा. लोचा परिणाम २.१५ च्या आसपास राहतो, चालून जातं. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ला असेल, एवढं लक्षात ठेवायचं. पण हे माप निवडण्यामागचं माझं पहिलं कारण हिशेबाचं नव्हतं. हे बोलेरोचं माप आहे. धारणीत, अहेरीत, दर्यापुरात, कुठेही टायर फाटलं तरी बोलेरोचं टायर मिळतं. दूरच्या प्रवासाच्या गाडीला जे गावात मिळतं तेच घालावं. ३१ इंची टायर नागपूरहून येईपर्यंत गुरुजी कुणाच्या तरी ओसरीवर बसून राहिले असते.

नक्षी ऑल टेरेन (सगळ्या वाटांची) घेतली. मड टेरेनचा (खास चिखलाच्या नक्षीचा) आग्रह होता. पण हे प्रवासाचं टायर आहे: बहुतेक अंतर डांबरावर, उरलेलं मुरूम, दगड आणि वाळलेली माती. आणि ओल्या काळ्या मातीबद्दल मला ठाम सांगायचं आहे. आपली कपाशीची काळी माती पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकणमातीची असते. पाऊस पडला की ती टायरच्या नक्षीत भरते, आणखी भरते, चाक गुळगुळीत गोळा होऊन बसतं आणि चाकावरच्या पत्र्यात माती कोंबून गाडी जागच्या जागी उभी राहते. मड टायर थोडं जास्त वेळ टिकेल, पण शेवट तोच. चांगला पाऊस झालेल्या काळ्या रानात गाडी घालूच नये. फसण्याचं तर आहेच, पण आपण ज्या पांधणीत चार फूट लांब खड्डे पाडून निघून जातो, तिथून दुसऱ्या दिवशी कुणाची तरी बंडी खताच्या पोत्यांसकट जायची असते. गुरुजी शेतकरी आहेत, त्यांना हे पहिल्या वाक्यातच पटलं.

हवेचा दाब मात्र आमच्या हातात होता आणि त्यावर मी बराच वेळ दिला. बारा व्होल्टचा चांगला पंप आणि विश्वासाचा गेज, दोन्ही घेतले. डांबरावर २६ पीएसआय, दगडी चढाला आणि भुसभुशीत वाळूला १८, आणि वेग त्या प्रमाणात कमी. दाब उतरवला की टायर दगडाला मिठी मारतं, उसळत नाही, आणि कमानींवरचा मारही कमी होतो. मोजायचं ते सकाळी, गार टायरवर. दर साडेपाच-सहा अंश तापमानाला साधारण १ पीएसआय वाढतो. मे महिन्यात भर दुपारी मोजून हवा काढणारा माणूस रात्री नरम टायरवर गाडी हाकत असतो.

ऊन

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा कूलिंगमध्ये होता. लिफ्ट आणि विंचबद्दल लोक बोलतात ते थंड प्रदेशातल्या गाड्या पाहून. चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. त्या हवेत, लो गिअरमध्ये, वाऱ्याचा झोत नसताना, १७-१८ वर्षांचं इंजिन थंड ठेवणं हीच विदर्भातल्या प्रवासाची पहिली परीक्षा आहे.

ठेकेदाराने थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता. आपल्याकडे हा सर्रास चालणारा उपाय: गाडी तापते, थर्मोस्टॅट काढा. त्याने मूळ दुखणं झाकलं जातं. इंजिन हिवाळ्यात कधी पुरेसं गरम होत नाही, कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं, तो पेट्रोल जास्त सोडतो, तेलातली ओल उडत नाही आणि झीज वाढते. नवीन थर्मोस्टॅट बसवला. रेडिएटर काढून नेला तेव्हा निम्म्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या निघाल्या, कारण वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. कोअर बदलून घेतला. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. सगळे होज नवे, क्लिपांसकट, आणि वरचा-खालचा एकेक होज व फॅनचा बेल्ट जास्तीचा घेऊन गाडीत ठेवला.

दोन गोष्टी अगदी स्वस्त होत्या आणि फरक त्यांनीच सगळ्यात जास्त पाडला. एक, रेडिएटरचं झाकण. पाणी १०० अंशाला उकळतं, ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलं की आणखी वर. झाकणाची स्प्रिंग म्हातारी झाली की हा सगळा फायदा जातो आणि घाटात पाणी बाहेर येतं. लोक इंजिन खोलायला निघतात, बिघाड झाकणात असतो. दुसरी, फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं. या गाडीत ते नव्हतंच, कधीतरी काढून फेकलेलं. कडं नसलं की फॅन आपल्या समोरच्या गोलातूनच हवा ओढतो, कोपऱ्यातला रेडिएटर नुसता शोभेला राहतो. वेगात हे कळत नाही. पहिल्या गिअरमध्ये चढताना कळतं. जुन्या सामानाच्या दुकानातून कडं शोधून आणलं.

मग कुसळं. पावसाळ्यानंतर सातपुड्याच्या उतारांवर कमरेएवढं कुसळी गवत उभं असतं. त्यातून गाडी गेली की कुसळं आणि गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत गच्च बसतं. समोर बारीक जाळी लावली, काढता येईल अशी, आणि गुरुजींना सवय लावली: रोज संध्याकाळी जाळी झटकायची, आणि रेडिएटर धुवायचा तर इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला पाणी मारायचं, समोरून आत नाही. याच गवताचा दुसरा धोका आगीचा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा काळ धरतात. तापलेल्या सायलेन्सरवर अडकलेलं वाळकं गवत किंवा सागाचा पालापाचोळा पेटायला वेळ लागत नाही. मुक्कामाला गाडी उभी करायची ती उघड्या मातीवर, आणि खाली वाकून पाहायचं. अग्निशामक सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी बांधला.

पेट्रोलचं एक सांगतो, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. या गाडीचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. उन्हाळ्यात टाकी पाव भागाच्या खाली जाऊ द्यायची नाही. टाकी ४० लिटरची, म्हणून एक २० लिटरचा पत्र्याचा कॅन घेतला. कायद्याने स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. कॅन मागे, खाली, पट्ट्याने आवळून, टपावर नाही. भरलेला कॅन फक्त धारणीच्या पुढे किंवा आलापल्लीच्या पुढे जाताना, बाकी वेळ रिकामा.

कमान, पाणी, दोर

कमानीचं काम ट्रकवाल्यांच्या कमान-दुकानात झालं. जास्तीचे पाटे काढले, उरलेले सोडवून, घासून, बाक तपासून परत बांधले, बुश आणि यू-बोल्ट नवे. यू-बोल्ट थोडं अंतर चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात, ते आवळले. गॅसचे शॉकअप टाकले. मागचा भाग आपल्या मूळ उंचीला आला आणि पहिल्यांदाच कमानी काम करताना दिसल्या: एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं जमिनीवर टिकून. ज्याला लोक लिफ्टने मिळवू पाहतात तो ठेहराव पाटे काढून मिळाला.

पाण्यासाठी स्नॉर्केल घेतलं नाही. या पेट्रोल इंजिनात हवेच्या नळीच्या आधी ठिणगी देणारे भाग आणि वायरी पाणी पितात आणि गाडी बंद पडते. सील आणि प्लगच्या वायरी नव्या घेतल्या. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसचे श्वासनळे रबरी नळीने बोनेटपर्यंत वर आणले. गरम गोळा थंड पाण्यात शिरला की आत पोकळी होते आणि तो सिलातून पाणी ओढतो. नळी वर असली तर हवा ओढतो. खर्च नगण्य. पाण्यातून गेल्यावर तेल पाहायचं, दुधाळ दिसलं तर बदलायचं.

बाकीचा नियम माणसासाठी आहे. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर आधी काठी घेऊन पायी पाहायचं, वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असेल आणि तळ दिसत असेल तरच. जिप्सी हलकी आहे, हा गुण इथे उलटतो. फूटभर जोराचं पाणीही तिला सरकवू शकतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात आपण वाचतो. अशा वेळी मेळघाटात सिप्नेकाठी किंवा इकडे पर्लकोटेकाठी एक दिवस थांबणं हाच प्रवासाचा भाग.

विंचबद्दल गुरुजींचा आग्रह शेवटपर्यंत होता. मी विचारलं की वरूडपासून लोणारपर्यंत असं गाव सांगा जिथे ट्रॅक्टर नाही. विदर्भात फसलेल्या गाडीला ट्रॅक्टर मिळतो. कमी असते ती गाडीला बांधायची जागा आणि धड दोर. लोक बंपरला किंवा कमानीच्या शॅकलला तारेचा दोर बांधून टोचन करतात. तार तुटली तर माणसाचा जीव जातो. म्हणून चासीला पुढे-मागे मजबूत हूक, दोर अडकवायची, क्षमता कोरलेली दोन शॅकल-कडी, ताण खाणारा जाड नायलॉनचा दोर, चाकाखाली टाकायच्या दोन पट्ट्या, फावडं आणि सब्बल. सगळं मिळून बंपर-विंचच्या वजनाच्या निम्म्याहून कमी.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे आणखी पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोखंडी बुल बारविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिलेलं आहे. म्हणून बंपर मूळचाच, एलईडी पट्टी नाही. हेडलाइटची वायरिंग रिले घालून नवी केली, त्यानेच उजेडात मोठा फरक पडला. टायरच्या मापाचं विमा कंपनीला लेखी कळवलं. गाडीची नोंदणी २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे. २०२८ ला ती वीस वर्षांची होईल, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या हलक्या वाहनाचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं आहे. फिटनेसला उभं राहताना मूळ रूपातली, कोरडी, न गळणारी गाडी असणं हा यातला सगळ्यात मोठा फायदा.

चाचणी

मुद्दाम मे महिना निवडला. वरूडहून मोर्शी, परतवाडा, तिथून घटांगचा घाट चढून सेमाडोह, हरिसाल, धारणी. पर्यटनाच्या सोयीसाठी नव्हे तर गाडी तापते का ते पाहण्यासाठी दुपारी दोनला घाट लावला, गाडीत प्रवासाला लागेल तेवढंच सामान घेऊन. वाटेत थांबून वरच्या होजचं तापमान मोजत गेलो. काटा मध्याच्या वर सरकला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता, गाडी चढली.

धारणीहून परतताना, जंगलाच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या माणसाला विचारून एका दगडी नाल्याच्या वाटेने गाडी घातली. १८ पीएसआय, लो, पहिला गिअर. गोळा एका जागी घासला, आवाज आला, पण थांबली नाही. काकू खाली उतरून पुढे उभ्या राहून चाक कुठे ठेवायचं ते हाताने दाखवत होत्या, आणि ते काम त्या गुरुजींपेक्षा चांगलं करतात. उतारावर ब्रेक पोकळ लागला नाही. दुसऱ्या गिअरच्या ओढीवरच उतरायचं हे गुरुजींनी पाळलं.

सगळंच जमलं असं नाही. पुढच्या डाव्या नकलमधून तेल पुन्हा ओलावलं. सील नवं असलं तरी ज्या गोल पृष्ठभागावर ते बसतं त्याला गंजाचे खड्डे आहेत, आणि तो भाग बदलल्याशिवाय गळती थांबणार नाही. जिप्सीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण लष्कराकडे ही गाडी मोठ्या संख्येने असल्याने भाग अजून मिळतात. मिस्त्रींनी शोध सुरू केला आहे. उभ्या उन्हात केबिन भट्टी होते. छताला आतून उष्णतारोधक थर द्यायचा आहे, तोही हलका हवा. दुसऱ्या गिअरला घाईने टाकलं की करकर होते, ते इंजिन खाली उतरवायची वेळ येईल तेव्हाच पाहू.

गडचिरोलीचा बेत डिसेंबरवर ठेवला आहे: मार्कंडा, आलापल्ली, हेमलकसा, भामरागड. त्याआधी नकलचं काम व्हायलाच हवं, आणि मागच्या ब्रेकचा दुसरा सिलिंडरही मी बदलून घ्यायला सांगितला आहे, पाझर नसला तरी.